महाविद्यालयीन विद्यार्थीजीवन व मैदानी खेळ (अमेरिका, १८७०–१९००)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी अमेरिकन महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली खेळांची व्यवस्था व तिच्याभोवती वाढलेले विद्यार्थीजीवन. संघनायक मुलेच निवडत, वर्गणी मुलेच गोळा करत. सामने ठरवण्यापासून तिकीटविक्रीच्या हिशेबापर्यंत सारे विद्यार्थी व्यवस्थापकाच्या हाती असे. अध्यापकांचा यात हात नव्हता, आणि पुढच्या साऱ्या वादांचे मूळ इथेच आहे.

दिवसाची सुरुवात सक्तीच्या प्रार्थनेने होई. हार्वर्डने ही सक्ती १८८६ मध्ये उठवली. वर्गाची, म्हणजे एकाच साली दाखल झालेल्या मुलांची, एकी फार घट्ट असे. पहिल्या व दुसऱ्या वर्षाची मुले एका काठीच्या ताब्यासाठी एकमेकांवर तुटून पडत आणि या झोंबाझोंबीत हाडेही मोडत. येलमध्ये चौकालगतच्या लाकडी कुंपणावर बसून गप्पा मारणे हा मानाचा हक्क होता व नवख्यांना तो सहजी मिळत नसे. १८८८ मध्ये नव्या इमारतीसाठी ते कुंपण काढले गेले. येलचे विद्यार्थी मैदानावर ‘ब्रेकेकेकेक्स, कोॲक्स’ असा घोष करत. तो प्राचीन ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या नाटकातील बेडकांचा आहे. ग्रीकचा तास असा मैदानापर्यंत पोहोचला होता.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना आरंभ नौकाशर्यतीने झाला. हार्वर्ड व येल १८५२ मध्ये न्यू हॅम्पशरमधील विनिपसॉकी सरोवरात भिडले. खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. १८५९ मध्ये ॲमहर्स्टने विल्यम्सला बेसबॉलमध्ये ७३–३२ असे हरवले. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी फुटबॉलमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनवर ६–४ असा विजय मिळवला, तेव्हा प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळता येत नसे. १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅक्गिल विद्यापीठाशी खेळताना हार्वर्डला चेंडू हातात घेऊन पळण्याच्या रग्बीची गोडी लागली आणि त्यातून आजचा अमेरिकन फुटबॉल घडला. येलच्या वॉल्टर कँपच्या आग्रहाने १८८० मध्ये संघ ११ जणांचा झाला. १८८२ पासून चेंडू आपल्याकडे राखायचा तर तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याची अट आली. अंतर मोजायला मैदानावर आडव्या रेषा ओढाव्या लागल्या.

१८९२ च्या येलविरुद्धच्या सामन्यात हार्वर्डने ‘उडती पाचर’ काढली. ती रचणारा लोरिन डीलँड बुद्धिबळाचा शौकीन होता; स्वतः तो कधी फुटबॉल खेळलाच नव्हता. दोन तुकड्या दोन्ही बाजूंनी मागून पूर्ण वेगाने धावत येत, मध्यभागी एकवटत आणि त्या आडोशाने चेंडूवाला पुढे घुसे. समोरच्या एकाच खेळाडूवर साऱ्यांचा भार पडे, तोही शिरस्त्राणाशिवाय. हार्वर्ड तो सामना ०–६ असा हरलाच, पण पाचरीची नक्कल सगळीकडे झाली. १८९४ मध्ये नियमांनी तिला आवर घातला. तरी त्याच वर्षी स्प्रिंगफील्डला हार्वर्ड–येल सामन्यात इतके खेळाडू जखमी झाले की पुढची दोन वर्षे या दोघांत फुटबॉलचा सामनाच झाला नाही.

मुलींच्या महाविद्यालयांतही खेळ रुजले. स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी नव्यानेच निघालेला बास्केटबॉल मुलींसाठी नियम बदलून आणला. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डच्या मुलींनी बर्कलीला २–१ असे हरवले. पुरुषांना प्रवेश नव्हता. दोनच दिवसांनी अथेन्सला, पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, हार्वर्ड सोडून गेलेला जेम्स कॉनोली तिहेरी उडीत पहिला आला.

न्यूयॉर्कमधील १८९३ च्या येल–प्रिन्स्टन सामन्याला सुमारे ४० हजार प्रेक्षक होते. एवढा पैसा खेळू लागल्यावर नाममात्र नाव नोंदवून केवळ खेळायला येणारे तरुण संघांत शिरले. प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलाची जागा त्यामुळे जाई आणि तक्रार रास्त होती. १८९५ मध्ये मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोत जमले व खरोखर शिकत असलेल्यांनाच खेळू द्यावे असे त्यांनी ठरवले. पुढच्या वर्षी अध्यापक-प्रतिनिधींची संघटना स्थापन झाली. पुढे ती ‘बिग टेन’ म्हणून ओळखली गेली.