रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन तीन आकड्यांत का मोजतात

कोल्हापुरात कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवरच्या किंवा गुऱ्हाळावरच्या ऑइल इंजिनाला हँडल मारणाऱ्याला ते हातातच कळायचं. डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून फ्लायव्हील गरगर फिरवायचं, खटका सोडायचा आणि हाताला अडसर कसा लागतो त्यावरून पिस्टनच्या रिंगांची अवस्था ओळखायची. शिवाजी उद्यमनगरात पिस्टनच्या इंजिनांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेत. माझदाची आरएक्स-8 सारखी रोटरी गाडी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारी, समोर आली की घोळ होतो तो याच सवयीमुळे. प्लगचे आटे तेच 14 मिलिमीटरचे, दाब मोजायचं गेज तेच, सेल्फही तसाच मारायचा. काटा जो आकडा दाखवतो त्याचा अर्थ मात्र वेगळा असतो.

पिस्टनच्या गेजमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा. तो प्रत्येक ठोक्याचा दाब कोंडून ठेवतो, म्हणून काटा चढत जातो आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यावर थांबतो. एका सिलिंडरला एकच पिस्टन, त्यामुळे तिथे हे बरोबर आहे. रोटर त्रिकोणी असतो. त्याच्या तीन बाजूंचे तीन वेगळे कप्पे एकामागोमाग त्याच प्लगसमोरून जातात. दोन कप्पे गळत असले आणि तिसरा धड असला, तरी गेज तिसऱ्याचाच आकडा धरून बसतं. इंजिन ठीक आहे असं वाटतं, आणि गरम झाल्यावर गाडी चालूच होत नाही.

हे दुखणं इंजिनाच्या जन्मापासूनचं आहे. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत 1957 साली चाललं. त्यात बाहेरचं घरही फिरायचं. घर स्थिर आणि आत फक्त रोटर फिरता, ही आजची मांडणी त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्केची. एनएसयूने 1967 साली आरओ 80 बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिला युरोपात कार ऑफ द इयर हा मान मिळाला, पण रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, लवकर झिजायच्या. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि 1969 साली फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

जपानमध्ये माझदाने, तेव्हाच्या तोयो कोग्योने, 1961 साली परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांना घराच्या आतल्या क्रोमवर लाटांसारखे ओरखडे दिसले. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील घासत जाताना स्वतःच्याच कंपनाने थरथरत होतं, त्याच्या त्या खुणा. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील बनवल्यावर मार्ग निघाला आणि 1967 साली कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. 1978 ला आरएक्स-7, 1991 ला ल माँची शर्यत जिंकणारी चार रोटरची 787बी, 2003 ला आरएक्स-8. आपल्याकडे माझदा हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या डिझेल ट्रक आणि मिनीबसमुळे. रोटरी गाड्या कंपनीने भारतात अधिकृतपणे विकल्या नाहीत.

आरएक्स-8 मध्ये कमी कॉम्प्रेशनच्या तक्रारी इतक्या आल्या की माझदाने अमेरिकेत 2004 ते 2008 च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवली. इंजिन बदलून द्यायचं की नाही हे कॉम्प्रेशनवर ठरत असल्याने आकडे नेमके हवेत. कंपनीचं टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन दाब आणि सोबत फिरण्याचा वेग दाखवतं. आरएक्स-8 साठी 250 आरपीएमला नवं इंजिन 830 किलोपास्कल, म्हणजे सुमारे 120 पीएसआय देतं. किमान मर्यादा 680. एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत जास्तीत जास्त 150 चा आणि दोन रोटरांत 100 चा फरक चालतो.

घरी हे साध्या गेजवर जमतं, पण गेजचा व्हॉल्व्ह काढावा लागतो. आधी इंजिन पूर्ण गरम करायचं. पुढचं डावं चाक काढून गाडी घोडीवर घ्यायची, जॅकच्या भरवशावर ठेवायची नाही. आरएक्स-8 ला प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. त्यांच्या वायरी खोलण्याआधी टेप लावून नावं लिहावीत, अदलाबदल झाली तर नवंच दुखणं मागे लागतं. चारही कॉइलचे कनेक्टर काढायचे, फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा. ज्या रोटरची चाचणी त्याचा लीडिंग प्लग काढून तिथे गेज बसवायचं, ट्रेलिंग प्लग जागेवरच ठेवायचा. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद सेल्फ मारायचा. थ्रॉटल अर्धवट उघडा राहिला तर हवाच कमी जाते आणि चांगलं इंजिनही खराब ठरतं.

व्हॉल्व्ह नसल्यावर काटा वर-खाली उडतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, 240 फ्रेमला, गेजचं चित्रण करा. नंतर सावकाश बघितलं की तीन-तीनची लय दिसते: मोठा, मोठा, लहान, परत मोठा, मोठा, लहान. शाफ्टच्या दर फेऱ्याला एक ठोका पडतो, त्यामुळे वेगही यातूनच काढता येतो. तीन ठोके 0.72 सेकंदात, म्हणजे सुमारे 173 फ्रेममध्ये पडले तर वेग 250 आरपीएम. फ्रेम जास्त लागल्या तर सेल्फ मंद आहे. गळतीला वेळ जास्त मिळतो, आकडा खाली येतो. अशा वेळी दुसऱ्या गाडीची बॅटरी जंपर केबलने जोडून चाचणी पुन्हा घ्यावी.

काट्याचे हे आकडे तुलनेसाठीच धरावेत. 654 सीसीचा कप्पा 10:1 ला दाबला की जेमतेम 73 सीसी उरतो. त्यात लांब होजची जागा मिळवली की दाब उतरतो, शिवाय काटा जड असल्याने टोक गाठायच्या आत परत फिरतो. होज आखूड वापरा. नंतर व्हॉल्व्ह परत बसवून सगळ्यांत चांगल्या कप्प्याचा आकडा घ्या आणि बाकीच्या दोघांचा अंदाज त्यावरून बांधा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण 6 टक्के कमी भरतो, त्यामुळे कंपनीची 680 ची मर्यादा इथे 640 च्या आसपास येते. हा हिशेब न करता इंजिन उतरवायचा निर्णय घेऊ नये.

एक एपेक्स सील दोन शेजारच्या कप्प्यांमध्ये असतं. म्हणून दोन ठोके कमी दाबाचे आणि एक चांगला, तर संशय त्या सीलवर. एकच ठोका कमी दाबाचा असेल तर त्या कप्प्याच्या साइड सीलकडे, म्हणजे रोटरच्या सपाट तोंडांवरच्या पट्ट्यांकडे बघावं. तिन्ही सारखेच खाली असतील तर झीज असू शकते, किंवा इंजिन नुसतं फ्लड झालेलं असतं: पेट्रोलने आतली तेलाची फिल्म धुतली जाते आणि सीलं धड असूनही दाब धरत नाहीत.

इथे पिस्टनवाल्यांची दुसरी सवय आडवी येते. दाब कमी दिसला की प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडायचं, आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. रोटरीत व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे तेलाने आकडा वाढला तरी त्यातून निदान होत नाही. फ्लड झालेलं इंजिन चालू करायला प्रत्येक रोटरमध्ये पाच-दहा मिलिलिटर तेल जरूर सोडावं. ते तेल जळून धूर थांबेपर्यंत गाडी चालवावी, इंजिन नीट गरम होऊ द्यावं, आणि मगच गेज परत लावावं.