फुटलेलं गलबत आणि आमच्या घरावरची कौलं

गलबत खडकावर आपटून फुटलं असं कुठं वाचलं की आमच्या बेळगावकडचा माणूस म्हणणार, आम्हाला काय त्याचं, आमच्याकडं समुद्र कुठाय. तसं नाही हो. वेंगुर्ला हे एकेकाळी बेळगावचंच बंदर म्हटलं तरी चालेल. डचांची वखार तिथं 1637 पासूनची, 1812 मध्ये इंग्रजांनी ते सावंतवाडीकरांकडनं घेतलं आणि 1818 नंतर बेळगावात इंग्रजांच्या फौजेचा कॅम्प बसला तसा बंदराला जोर आला. आधी राम घाटानं, नंतर आंबोलीकडनं कापूस खाली उतरायचा आणि मीठ, नारळ, सुपारी वर यायची.

पुढचा प्रवास फत्तेमारीचा नाहीतर मचव्याचा, म्हणजे शिडाच्या गलबतांचा. सागाच्या फळ्या, फटीत कापूस कोंबून वरनं डामर, तिरकं शीड, इंजिन वगैरे काय नाही. रात्री-पहाटे जमिनीकडनं मतलई वारा सुटला की त्यावर बंदर सोडायचं, पण दुपारी समुद्राकडनं वारा फिरला की तोच वारा गलबताला किनाऱ्याकडं ढकलतो, आणि भरतीत पाण्याखाली गेलेला खडक तांडेलाला, म्हणजे गलबत हाकणाऱ्याला, दिसणार कसा? वेंगुर्ल्यासमोरच बघा, वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकाळ बेटांचा पुंजकाच आहे, उगीच नाही तिथं दीपगृह बांधलं. पावसाळ्यात तर बंदर बंदच, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जायची नाही. ह्याला नुसती श्रद्धा म्हणून सोडू नका, नैऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर येतो आणि शिडाच्या जहाजाला त्यातनं बाहेर निघायला जागाच उरत नाही.

आता आमच्या कौलांची गोष्ट. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ म्हणून खडक आहे, तिथं दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी बुडी मारून एका बुडालेल्या जहाजाचा माल शोधला. सोनं-नाणं नव्हे, छपराची कौलं, विटा, फरशा, खांबांची नक्षीदार मातीची बोंडं! त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्स 1865 असा शिक्का. पण गंमत अशी की ते साल जहाज बुडाल्याचं नव्हे, मंगळूरचा तो मिशनऱ्यांचा कारखाना 1865 ला सुरू झाला त्याचं आहे, म्हणजे जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं एवढंच त्यावरनं कळतं. आपल्या उबदार समुद्रात लाकूड उघडं पडलं की किडे पोखरून खलास करतात, भाजलेली माती मात्र तशीच राहते, त्यामुळं बऱ्याचदा गलबत गेलं तरी त्याचं ओझं तेवढं सापडतं.

मंगळुरी कौल म्हणजे आमच्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांवरचं तेच ते चपटं लाल कौल की. पुढं 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला आली, 1888 मध्ये मुरगावची लाईन कॅसलरॉकपर्यंत पोचली, आणि घाटातल्या बैलगाड्या, वेंगुर्ल्याचा व्यापार दोन्ही बसत गेले. खानापूरच्या मातीची कौलंसुद्धा आहेत इकडं, त्यामुळं सगळीच मंगळूरची समजू नका. जुनं घर उतरवत असतील तर एखादं कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव मागच्या बाजूला असतं.