पाय

वर्तुळाच्या परिघाला त्याच्या व्यासाने भागले की येणारी संख्या म्हणजे पाय. वर्तुळ नखाएवढे असो की मैदानाएवढे, भागाकार तोच येतो, कारण सगळी वर्तुळे समरूप असतात. किंमत ३.१४१५९२६५… अशी असून दशांश स्थळे कधी संपत नाहीत. यासाठीचे ग्रीक अक्षर π मात्र फार जुने नाही: ते विल्यम जोन्स यांनी १७०६ मध्ये वापरले आणि ऑयलर यांच्यामुळे रूढ झाले.

बॅबिलोनियात व्यवहारासाठी बहुधा ३ धरत. सूसा या आजच्या इराणमधील प्राचीन शहरात सापडलेल्या एका मृत्तिका-पट्टिकेवरून ३.१२५ ही किंमत निघते. इजिप्तमधील आहमेस या लेखनिकाने इ. स. पू. सुमारे १६५० मध्ये उतरवलेल्या पपायरसात ९ व्यासाच्या गोल शेताचे क्षेत्रफळ काढले आहे. व्यासातून त्याचा नववा भाग वजा करायचा, उरलेल्या ८ चा वर्ग करायचा: ६४. यात पाय कुठेही लिहिलेला नाही, पण हिशेब उलटा केला तर ३.१६०५ मिळतो.

मोजण्याकडून सिद्ध करण्याकडे हा प्रश्न नेला तो आर्किमिडीजने (इ. स. पू. तिसरे शतक). वर्तुळाच्या आत बसणाऱ्या सुसम षटकोनाची परिमिती व्यासाच्या बरोबर तिप्पट असते. म्हणजे ३ हा आकडा षटकोनाचा, वर्तुळाचा नव्हे. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेरही बहुभुज घेतले, त्यांच्या बाजू ६, १२, २४, ४८, ९६ अशा दुप्पट करत नेल्या आणि पाय ३ १०/७१ पेक्षा मोठा व ३ १/७ पेक्षा लहान असल्याचे दाखवले. शाळेतला २२/७ ही त्यातली वरची मर्यादा आहे. पाचव्या शतकात चीनमधील त्सू छोंगचीने ३५५/११३ हा विलक्षण नेमका अपूर्णांक दिला. त्याची पहिली सहा दशांश स्थळे बरोबर आहेत.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने सांगितलेली रीत अशी: १०४ ला ८ ने गुणा, त्यात ६२,००० मिळवा, २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ एवढा येतो. म्हणजे ६२,८३२, आणि गुणोत्तर ३.१४१६. पण या श्लोकातला सर्वांत मोलाचा शब्द आकडा नाही, तो ‘आसन्न’ आहे: परीघ इतका ‘जवळपास’ येतो. पुढे भास्कराचार्यांनी लीलावतीत ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही व्यवहाराला पुरेशी स्थूल किंमत, अशा दोन्ही वेगवेगळ्या नोंदवल्या. केरळातील माधवाने चौदाव्या शतकाच्या सुमारास बहुभुज सोडून अनंत श्रेढी घेतली. १ − १/३ + १/५ − १/७ … ही बेरीज पायच्या चतुर्थांशाकडे जाते. मात्र इतक्या सावकाश, की तिला दुरुस्तीची पदे जोडावी लागतात.

त्याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजीने, आर्यभटाने ‘आसन्न’ का म्हटले, याचा खुलासा केला. ज्या मापाने व्यास बाकी न उरता मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजला तर बाकी उरतेच; माप कितीही लहान केले तरी बाकी लहान होते, नाहीशी होत नाही. पाय कोणत्याही अपूर्णांकाने नेमका लिहिता येत नाही, याची सिद्धता १७६१ मध्ये लँबर्टने दिली. पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे तो मूळ नाही, हे लिंडमनने १८८२ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे दिलेल्या वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस केवळ कंपास आणि पट्टीने काढण्याचा ग्रीकांपासून चालत आलेला प्रश्न अशक्य ठरला.