बर्लिनमधील वास्तुस्पर्धा

दुसऱ्या महायुद्धानंतर दुभंगलेल्या बर्लिनमध्ये पूर्व व पश्चिम राजवटींनी इमारतींमधून एकमेकींना दिलेले उत्तर-प्रत्युत्तर. आधुनिक शैली पश्चिमेची आणि सजावटीची शैली पूर्वेची, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती चुकीची आहे. पूर्व बर्लिनमधली युद्धोत्तर पहिली घरे आधुनिकच होती. वास्तुकार लुडमिला हेर्त्सेनश्टाइन यांच्या दोन साध्या इमारतींत सामायिक गॅलरीतून घरात शिरावे लागते. त्या आजही उभ्या आहेत. १९५० मध्ये पूर्व जर्मन शिष्टमंडळ मॉस्कोला जाऊन आले, आधुनिक शैलीवर ‘रूपवादी’, म्हणजे आशयापेक्षा रूपाला महत्त्व देणारी, असा शिक्का बसला, आणि या इमारती रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे झपाट्याने वाढणारे पॉप्लर वृक्ष लावले गेले.

त्याच रस्त्यावर, म्हणजे स्टालिनआलेवर, १९५२ पासून हेर्मान हेन्झेलमान आदी वास्तुकारांनी कामगारांसाठी महालांसारखी घरे उभारली. रस्ता सुमारे ९० मीटर रुंद, तळाला दुकाने, दर्शनी भागाला सिरॅमिक टाइल. विटा बऱ्याच अंशी युद्धाच्या ढिगाऱ्यातून वेचलेल्या. मे १९५३ मध्ये मजुरांनी उरकायच्या कामाचे ठरलेले प्रमाण किमान १० टक्क्यांनी वाढवल्यावर १६ जूनला इथल्याच बांधकाम मजुरांनी संप पुकारला. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, देशभर उठाव झाला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. टाइलही पुढे सुटून पडू लागल्या. १९९० च्या दशकात त्यांची मोठी दुरुस्ती झाली.

पश्चिमेचे उत्तर म्हणजे १९५७ चे ‘इंटरबाऊ’ हे वास्तुप्रदर्शन. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या हान्साफीर्टेल या पश्चिम बर्लिनमधल्या वस्तीत ग्रोपियस, आल्टो, निमायर या आधुनिक वास्तुकारांच्या इमारती बागेत सुट्या-सुट्या ठेवल्या. रस्त्याला भिंतीसारखी सलग रांग मुद्दाम टाळली. गंमत अशी, की १९५९ पासून स्टालिनआलेचा पुढचा टप्पा बांधताना पूर्वेनेही कारखान्यात ओतलेल्या काँक्रीट फलकांची आधुनिक घरे स्वीकारली. १९६१ मध्ये रस्त्याचे स्टालिन हे नावही गेले.

प्रदर्शनातली अमेरिकेने भेट दिलेली इमारत म्हणजे वास्तुकार ह्यू स्टबिन्स यांचे काँग्रेसहाले हे परिषदगृह. पूर्वेकडून दिसावे म्हणून ते कृत्रिम उंचवट्यावर बांधले. कमानी फक्त दोन टोकांवर टेकलेल्या दिसतात; प्रत्यक्षात सभागृहाच्या भिंतींवर एक कडे बसवले होते आणि बाहेरची कमान छताच्या पातळ काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारांनी त्याला बांधलेली होती. कड्याजवळच्या भेगांतून पाणी मुरले, तारा गंजल्या, आणि २१ मे १९८० रोजी दक्षिणेकडील भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. १९८७ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली: बाहेरून आकार तोच, छताची रचना बदललेली.