शेल्फ क्लाउड की रोल क्लाउड? ढगाच्या मागे काय आहे ते बघा

जून 2025 च्या शेवटी पोर्तुगालच्या बीचवर समुद्राकडून एक लांबच लांब आडवा ढग सरकत आला, लाटेसारखा दिसत होता म्हणून त्सुनामी-त्सुनामी म्हणत व्हिडिओ फिरले, तो होता रोल क्लाउड. जुलै 2023 मध्ये हरिद्वारवर दिसलेला आणि तितकाच व्हायरल झालेला, तो शेल्फ क्लाउड. दोन्हींची नावं सर्रास उलटसुलट वापरली जातात आणि मला ते खटकतं, कारण यातला एक अंगावर वादळ घेऊन येतो.

शेल्फ क्लाउड गडगडाटी ढगाला खालून चिकटलेला असतो. पाऊस पडताना थोडं पाणी हवेतच सुकतं, त्याने हवा गार आणि जड होते, वेगाने खाली येते, जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि समोरच्या दमट गरम हवेच्या खाली घुसून तिला वर उचलते, त्या वर गेलेल्या हवेतल्या बाष्पाचाच हा ढग. आपल्याकडे वळवाच्या आधी धुरळा उडवत गार वारा सुटतो ना, तो हाच, बाष्प पुरेसं असेल तर त्याच्या पुढच्या कडेवर ढगही दिसतो.

रोल क्लाउड मात्र सुटा, आडव्या लाटण्यासारखा. कधी तोही वादळाच्याच वाऱ्यातून होतो, वारा वादळाला मागे टाकून पुढे निघून गेला की. पण खरी कमाल ऑस्ट्रेलियातली! क्वीन्सलँडमधल्या बर्कटाऊनला साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटे 'मॉर्निंग ग्लोरी' येतो, कधीकधी 1000 किमीपर्यंत लांब. केप यॉर्क या तिथल्या द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंचे समुद्री वारे एकमेकांना भिडतात, त्यातून हवेतच लाट उठते आणि रात्री जमिनीलगत साचलेल्या गार थरावरून ती पुढे जात राहते. लाटेच्या पुढे हवा वर चढते, तिथे ढग बनतो, मागे हवा उतरते, तिथे विरतो, म्हणजे तोच ढग पुढे येतोय असं वाटतं पण खरं तर तो सतत नवा बनत असतो. ग्लायडरवाले (बिनइंजिनाच्या विमानाचे पायलट) त्या चढत्या हवेवर खास उडायला तिथे जातात. 2017 मध्ये जागतिक हवामान संघटनेने रोल क्लाउडला आपल्या क्लाउड अ‍ॅटलासमध्ये, म्हणजे ढगांच्या अधिकृत यादीत, 'व्होल्युटस' म्हणून वेगळी जागा दिली, शेल्फ मात्र 'आर्कस'मध्येच, म्हणजे मुख्य ढगाला जोडलेल्या कमानीसारख्या भागातच, येतो.

ओळखायचं कसं? ढगाच्या मागे मोकळं आकाश दिसलं तर बहुधा रोल, वाऱ्याचा एखादा झोत येईल. मागे काळंकुट्ट असेल, पावसाचा पडदा दिसत असेल तर तो शेल्फ, मग व्हिडिओ राहू द्या आणि आधी पक्क्या घरात नाहीतर गाडीत शिरा, वारा आणि वीज दोन्ही पावसाच्या आधी पोचू शकतात.