वडाप वेगळं, कारपूल वेगळं

गावात कारपूल सुरू करू म्हटलं की पारावरून पहिलं उत्तर येतं, "म्हंजे वडापच की!" विचारणाऱ्याचं फारसं चुकत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं वडाप काय असतं हे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. स्टँडबाहेर लावलेली जीप नाहीतर ट्रॅक्स, मावतील तेवढी माणसं, भरली की सुटली. कारपूलमध्येही चार घरची माणसं एकाच गाडीत बसतात आणि पैसे काढतात. मग वेगळं काय?

एकच विचारून बघा: कोणी आलं नाही तर गाडी निघणार का? वडापची निघणार नाही, कारण फेरी हाच तिचा धंदा. कारपूलची निघणारच, कारण गाडी ज्यांची त्या गुरुजींना साडेसातला शाळेकडं निघावंच लागतं. मागच्या तीन सीट एरवी रिकाम्या जातात, एवढंच.

पैशाचा हिशोबही यातूनच वेगळा होतो. समजा गाव ते सातारा 40 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 80. गाडी लिटरला 16 देत असेल तर 5 लिटर पेट्रोल लागलं. लिटर 105 रुपये धरलं तर 525 झाले. चौघांची काँट्री काढली की माणशी 131 रुपये, आणि या चौघांत गाडीवालाही आला. त्याचा खर्च वाटला गेला, कमाई झाली नाही. त्यानं तिघांकडून 200-200 घेतले तर 600 जमतात. त्याचा प्रवास फुकट होऊन वर 75 उरतात, आणि मग पारावरचा माणूस बरोबर ठरतो.

हे 75 रुपये दिसतात तेवढे साधे नाहीत. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे भाडं घेऊन माणसं न्यायची तर परमिट लागतं आणि पिवळी नंबर प्लेट लागते. पांढऱ्या प्लेटवर भाडं मारताना सापडलं तर कलम 192-अ खाली 10,000 रुपये दंड होऊ शकतो. त्याहून मोठा घोर विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर बसत नाही. अपघात झालाच तर कंपनी पहिल्यांदा तेच विचारणार. म्हणून गटात पहिल्याच दिवशी ठरवावं की पेट्रोल आणि टोल यापलीकडं रुपया घ्यायचा नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला न्यावं लागलं तर घाबरू नये. त्या कलमातच तातडीच्या रुग्णासाठी सूट आहे, फक्त सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं.

वडापला नावं ठेवण्यात मात्र मला रस नाही. 2021-22 च्या एसटी संपात महिनोन्‌महिने खेड्यांची ये-जा त्याच गाड्यांनी चालू ठेवली. बाजाराच्या दिवशी कोंबडीची डाल आणि कांद्याचं पोतं घेऊन कोणाच्या स्विफ्टमध्ये बसणार? शिवाय वडापवालाही गावातलाच असतो, त्याच्या पोटावर पाय आणून गट चालवला तर पुढची भांडणं ठरलेली. बाईमाणसाला तर 2023 पासून एसटीचं तिकीट अर्धंच पडतं, त्यामुळं बस वेळेवर असेल तर कारपूलचा हट्ट कशाला?

कारपूल उपयोगी पडतो तो ठरलेल्या वेळेला: डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणारे आप्पा, सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचायची घाई असलेली पोरगी. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर "उद्या 7.30, दोन सीट" एवढं टाकलं तरी पुरतं. पण त्या दोन सीट नेहमी भावकीलाच मिळायला लागल्या की गट मोडतो. वडापवाला निदान पैसे देईल त्याला बसवतो.

खरी अडचण येतानाची. जाताना सगळे एका वेळी निघतात, पण दवाखाना एकाचा अकराला आटोपतो आणि गुरुजींची शाळा पाचला सुटते. मग सकाळी कारपूलनं गेलेला माणूस दुपारी स्टँडबाहेर ट्रॅक्स भरायची वाट बघत उभा असतो.