वजन जास्त असताना आरोग्य विम्याचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि वाढीव हप्ता

आरोग्य, गंभीर आजार, अपंगत्व किंवा आयुर्विमा यांपैकी कोणत्याही वैयक्तिक पॉलिसीच्या प्रस्ताव अर्जात उंची आणि वजन विचारले जाते. वजन जास्त असले तर विमा मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. बहुतेक अर्जदारांना तो मिळतो, मात्र काहींना वाढीव हप्ता किंवा काही अटी स्वीकाराव्या लागतात. वजनाचा संबंध मुख्यतः वैयक्तिक पॉलिसीशी येतो. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची स्वतंत्र वैद्यकीय तपासणी सहसा होत नाही. काही देशांत कायद्यानेच यावर बंधन आहे. अमेरिकेत २०१४ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याचा हप्ता वय, ठिकाण, तंबाखूचे सेवन आणि विमाधारकांची संख्या यांवर ठरवता येतो, वजनावर नाही. आयुर्विम्याला मात्र तिथेही ही सवलत लागू नाही. म्हणून आपण घेत असलेल्या पॉलिसीला कोणता नियम लागू आहे, हे अर्जापूर्वी तपासावे.

विमा कंपन्या वजनाकडे लक्ष देतात ही जुनी गोष्ट आहे. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी उंचीनुसार वजनाचे तक्ते प्रसिद्ध केले आणि पुढे डॉक्टरही ते वापरू लागले. आज त्यांची जागा बीएमआयने घेतली आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९५ किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय सुमारे ३२.९ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ ते २४.९ सामान्य, २५ पासून पुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो. आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयलाच वाढू लागतो, म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. विमा कंपन्यांचे तक्ते यांपैकी कशाशीही तंतोतंत जुळतीलच असे नाही. प्रत्येक कंपनी आपली मर्यादा स्वतः ठरवते, आणि म्हणूनच एकाच व्यक्तीला दोन कंपन्यांकडून वेगवेगळे उत्तर मिळू शकते. अतिशय कमी वजनाचीही चौकशी होते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

अर्जासोबत ओळखीचा व वयाचा पुरावा, छायाचित्र आणि आधीच्या पॉलिसी असल्यास त्यांच्या प्रती द्याव्या लागतात. वजन जास्त असलेल्या अर्जदाराने याखेरीज रक्तदाबाच्या नोंदी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी), कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या चाचण्यांचे अलीकडचे अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी, रुग्णालयात दाखल झाले असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असल्यास त्या तपासणीचा अहवाल हाताशी ठेवावा. कंपनी आपल्या नेमलेल्या केंद्रात तपासणी करून घेते तेव्हाही हे कागद उपयोगी पडतात, कारण अंडररायटर, म्हणजे जोखीम तपासणारा अधिकारी, बीएमआय एकटा पाहत नाही. ३२ बीएमआय असून साखर आणि रक्तदाब नियंत्रणात असलेल्या अर्जदारापेक्षा २९ बीएमआय असून दोन्ही बिघडलेल्या अर्जदाराचा हप्ता जास्त वाढू शकतो. व्यायामामुळे स्नायू भरलेल्या व्यक्तीने कंबरेचे माप डॉक्टरांकडून लिहून घेऊन जोडावे, कारण बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा रकाना वजनाचा आहे आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो. वर उल्लेखलेल्या १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९५ किलो वजनाच्या व्यक्तीने अर्जात उंची दोन सेंटिमीटरने वाढवून आणि वजन पाच किलोने कमी करून लिहिले, तर त्याचा बीएमआय ३०.४ दिसेल आणि कदाचित हप्ताही थोडा वाचेल; पण पुढे रुग्णालयाच्या नोंदीतून खरा आकडा समोर आला, तर माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकते किंवा पॉलिसीच रद्द करू शकते. एजंटाने अर्ज भरला असला तरी सही अर्जदाराची असते, म्हणून सहीपूर्वी प्रत्येक आकडा स्वतः वाचावा आणि वजन त्याच आठवड्यात मोजलेले असावे. मागील वर्षभरात वजनात मोठा बदल झाला असल्यास त्याचे कारणही लिहावे, कारण विनाकारण घटलेले वजन हे आजाराचे लक्षण असू शकते. आहार आणि व्यायामाने नुकतेच कमी केलेले वजन पूर्णपणे धरले जाईलच असे नाही. घटलेल्या वजनातील निम्मे आताच्या वजनात पुन्हा जोडून धरण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, म्हणजे १०५ वरून ९५ किलोवर आलेल्या व्यक्तीचे वजन १०० धरले जाते. गरोदर अर्जदाराने गरोदरपणापूर्वीचे वजनही नमूद करावे, तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना काही महिने थांबण्यास सांगितले जाऊ शकते.

तपासणीनंतर कंपनी नेहमीच्या हप्त्यात पॉलिसी देते, लोडिंग लावते, विशिष्ट आजारासाठी प्रतीक्षा कालावधी किंवा अपवाद घालते, निर्णय पुढे ढकलते किंवा अर्ज नाकारते. लोडिंग म्हणजे मूळ हप्त्यावर टक्क्यांत केलेली वाढ. मूळ हप्ता १०० असेल आणि लोडिंग २५ टक्के असेल तर १२५ भरावे लागतात, आणि वयानुसार मूळ हप्ता १६० झाला की तेच लोडिंग कायम राहिल्यास २०० भरावे लागतात. त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे लोडिंग कोणत्या कारणाने लागले आणि ते कायमचे आहे की त्याचा फेरविचार होईल, हे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. फेरविचाराची सोय असल्यास कमी झालेले वजन साधारण वर्षभर टिकल्यावर नवे अहवाल जोडून नूतनीकरणापूर्वी अर्ज करावा, आणि त्याचा निर्णय हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नये.